मिस ओडेसाचा पलंग

नाव: ओडेसा टॉलिव्हर.
वय: एक्क्याऐंशी.
रात्री कुठे झोपता?

इथे पेन थांबलं.

वॉशिंग्टन शहराचं वेगळं राज्य झालं तेव्हा सरकारी इमारतींपुरता चिमूटभर मुलूख राजधानी म्हणून वेगळा ठेवला होता. हद्दीची रेघ नेमकी मिस ओडेसाच्या घरातून गेली. स्वयंपाकघर राज्यात, झोपायची खोली राजधानीत. राजधानीत दुसरं कुणी राहतच नव्हतं. आणि राष्ट्राध्यक्ष निवडताना राजधानीला तीन मतं, हे घटनेतलं जुनं कलम काढायचं राहून गेलं होतं.

"तिन्ही तुमचीच," शेजारचा रूफस म्हणाला. "दोन्ही पक्ष पाया पडत येतील. मी पायरीवर बसून नंबर लावतो."

"आणि सेनेटर?"

"तो राज्याला. राजधानीला कुठला सेनेटर?"

तिचा नवरा थॅडियस जन्मभर फलक घेऊन हिंडला तो सेनेटरसाठी. तेव्हा शहराला सेनेटरच नव्हता; एकही न निवडता गेला. फलकाच्या काठीवर आता घेवड्याचा वेल चढला होता.

मतदार नोंदणीचा अर्ज घेऊन आलेली मुलगी म्हणाली, "जिथे झोपता तिथल्या तुम्ही, मॅडम. मुदत आज पाचपर्यंत."

"रूफस, चर्चमधले चार गडी आण."

"चार कशाला? मी आहे ना."

"पलंग लोखंडी आहे. आणि तू नुसता बोलतोस."

पलंग दारात अडकला. पाय सोडवून आडवा केला, टेबल अंगणात काढलं, तेव्हा कुठे तो चुलीशेजारी मावला. मुलीने फीत धरली.

"पायांची बोटं अजून राजधानीत आहेत, मॅडम."

"मी गुडघे दुमडून झोपते."

मुलीने शिक्का मारला.

"तीन मतं सोडून एकाच्या मागे," रूफस कपाळाला हात लावत म्हणाला. पण जेवायला थांबला. पलंगाच्या कडेवर बसून त्याने रताळ्याच्या गोड पाईचे दोन तुकडे हाणले.

रात्री कुठे झोपता?
स्वयंपाकघरात. छान झोप लागते, पहाटे पावाचा वास येतो.

नोव्हेंबर. शाळेतल्या मतदान केंद्रापासून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत रांग.

"मिस ओडेसा, पुढे व्हा. तुम्हाला कोण अडवणार?" पुढचा म्हणाला.

"नको रे. मला इथेच बरं वाटतंय."

एक पाऊल सरकलं की ती मागे वळून बघे. रांग अजून वाढत होती.