घरबसल्या फिरलेलं अंडं

धाकट्या सुनेने जीवाश्मांच्या शोधात आजवर कितीतरी डोंगर पालथे घातले, पण पाय मोडला तो घरच्या बाथरूममध्ये. मांडीपर्यंत प्लॅस्टर चढलं आणि घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

तिचा जीव मात्र लॅबमधल्या मोठ्या संगणकात अडकला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेल्या एका अंड्याचं स्कॅन त्यात होतं. कवच न फोडता आत कुणी आहे का ते बघायचं, तर पडद्यावर ते अंडं फिरवत एकेक थर सोलत जावं लागे. घरचा पीसी म्हणजे म्हातारा बैल. त्या फाइलचं नाव काढलं की बसकण मारायचा.

"मग तिकडचा संगणक इकडून चालव," भांडी विसळता विसळता नवरा म्हणाला. "फुकट सॉफ्टवेअर मिळतात म्हणे त्यासाठी."

मिळत होती, ढिगाने. पहिल्यात काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. दुसऱ्यात लॅबचा अख्खा पडदा दिसला, धाकटी खुलली. पण अंड्याच्या खिडकीत काळाकुट्ट अंधार. तिसऱ्यात अंडं दिसलं खरं, पण माऊस हलवून चहा पिऊन यावं तेव्हा कुठे ते जरासं कलायचं.

शेजारी सासूबाई वाटाणे सोलत होत्या. "राहू दे की गं. अंडं काय पळून जातंय?"

"आई, आता मी हट्टाला पेटलेय."

अखेर कुठल्याशा चर्चेच्या पानावर तिला मेख सापडली. हे तिसरं सॉफ्टवेअर सगळा कच्चा माल घरी पाठवत होतं आणि चित्र काढायचं ओझं बैलावर टाकत होतं. चित्र तिकडेच काढून इकडे नुसतं तयार धाडणारं एक सॉफ्टवेअर होतं, तेही फुकट. फक्त ते लॅबच्या संगणकावर बसवावं लागणार होतं.

लॅबचे संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे वायरमामा म्हणत. तिने त्यांना फोन लावला.

"फुकट?" मामांनी विचारलं. "मग आधी संशय घेतो, नंतर बसवतो."

दुपारी त्यांचाच फोन आला. "कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. मीही वाचला, थोडाफार कळलाही. बसवलंय. लॅबच्या सुरक्षित वाटेनेच आत ये."

धाकटीने माऊस हलवला आणि अंडं फिरलं, अगदी अलगद, जणू तळहातावर ठेवलंय. ती थर उतरवत गेली. कवच गेलं, माती गेली, आणि कडेला बारीक मण्यांची वळलेली ओळ दिसू लागली.

"माळ आहे का गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"पाठीचा कणा आहे, आई." तिने त्या मण्यांवरून माऊसचा बाण फिरवला. "आत पिल्लू आहे."

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडली. मामांनी तिकडेही तोच पडदा लावला होता आणि लॅबमधली मंडळी त्याभोवती गोळा झाली होती. कुणीतरी टाइप केलं, "अंडं आपोआप फिरतंय. भूत का?"

धाकटीने लिहिलं, "हो, पाय मोडलेलं."

मग मामांनी फोन लावला आणि त्यातून एवढा गलका आला की नवरा ओल्या हातांनी धावत आला. सासूबाईंनी वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं, खुर्ची पुढे ओढली. "बघू, माझ्या हातात दे तो माऊस. मान कुठे आहे याची?"

नवऱ्याने दोनदा जेवायला बोलावलं. दोघींपैकी एकीनेही मान वर केली नाही.