झुबेदाच्या हातची वडी

मी चायना ग्रास बोलतोय. माधवनगरात मनुबाईंच्या ओट्यावर, ताटलीत उरलेली एकच वडी. नावात गवत असलं तरी गवताशी माझं नातं नाही. मी समुद्रातलं शेवाळ. मला ना मूळ, ना खोड, ना पान. शास्त्रज्ञांनी आम्हा समुद्री शेवाळांची अंगच्या रंगद्रव्यांवरून तीन घराणी लावली, हिरवं, तपकिरी आणि लाल. तिन्हींत खाण्याजोगी मंडळी आहेत. मी लाल घराण्यातला.

आता लाल काही उरलेलं नाही. मला उकळलं, गाळलं, गोठवलं, वाळवलं आणि पांढऱ्या पट्ट्या केल्या. तेव्हापासून फारसं काही जाणवत नाही. चव नाही, वास नाही. तक्रार नाही, आहे ते सांगतोय.

गेल्या ईदला शेजारच्या झुबेदाने मला पाकिटातून अर्धा काढला. दुधात आटवला, साखर-वेलची घातली, वड्या पाडल्या आणि पहिली ताटली मनुबाईंकडे धाडली. तिचा हा रिवाज लग्न होऊन आली तेव्हापासूनचा.

मनुबाई माळकरी. त्यांचे यजमान लालासाहेब फौजेतून सुट्टीवर आले, तेव्हा सांगून बसले होते, की मेसमधली जेली जनावराच्या हाडांची असते. मेसमधली असेलही. पण मनुबाईंनी त्या दिवसापासून मलाही हाडांतच जमा केलं. ताटली आली की हसून घ्यायची, परसात जास्वंदीच्या मुळाशी रिकामी करायची, धुऊन त्यात गुळाचा खडा ठेवून परत द्यायची. झुबेदा कुंपणापाशी विचारायची, आवडलं का. मनुबाई म्हणायच्या, लय ग्वाड हुतं. झुबेदाचं मन मोडायला त्यांना जमलं नाही. जास्वंदीखाली मी गेलोय, म्हणून मला माहीत.

थंडीत झुबेदा गेली. मी तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरून, अर्ध्या पाकिटातून पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

आज ईद. झुबेदाची सून रुक्सार कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. तिने उरलेला मी शिजवला आणि भर दुपारी ताटली घेऊन आली. अम्मीने सांगून ठेवलं होतं म्हणाली, मनुबाईला लय आवडतं, चुकवू नको.

मनुबाईंनी ताटली घेतली आणि खाली बसल्या. या वेळी त्यांना हसता आलं नाही.

"पोरी, ह्यात हाडं असत्यात न्हवं?"

रुक्सारला आधी कळेना. मग ती हळू म्हणाली, "न्हाई मावशी. हे समुद्रातलं शेवाळ हाय, लाल जातीचं. हाडाची जेली ह्या उन्हात पाणी झाली असती. ही बघा, वडीची वडी हाय."

मनुबाईंनी मला बोटाने दाबून पाहिलं. मी हललो, वितळलो नाही.

रुक्सार गेल्यावर मनुबाईंनी एक वडी तोंडात घातली, मग दुसरी. डोळे कोरडेच होते. जी काही चव होती ती झुबेदाने सुनेला शिकवलेल्या वेलचीची. माझी नव्हे.

"ग्वाड हाय गं," त्या कुंपणाकडे बघून म्हणाल्या.

तिकडे कुणी नव्हतं. शेवटची वडी त्यांनी खाल्ली नाही. माझ्याशेजारी गुळाचा खडा ठेवला आणि ताटली झाकली. जमलं तर एवढं करा, कुणी प्रेमाने काही आणून दिलं तर त्यात काय आहे ते देणाऱ्यालाच विचारा. आता तिन्हीसांज झाली आहे. झुबेदा येणार नाही, हे मनुबाईंना ठाऊक आहे. मला वितळता येत नाही, म्हणून मी बसून आहे.