निळे व्हॉल्व्ह

मैथिलीने टायरचा रबरी व्हॉल्व्ह अंगठ्याने किंचित वाकवला, तशी त्याच्या बुडाशी केसाएवढी चीर उघडली. सोडल्यावर मिटली. तिने साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून पुन्हा वाकवला. एक बुडबुडा आला, फुगला आणि फुटला.

माजिवड्याच्या टायरच्या दुकानात तिच्या धाकट्या बहिणीची, सान्वीची, कॅम्परव्हॅन उभी होती. आत पलंग, शेगडी, निळे पडदे. पुढच्या आठवड्यात सान्वी नवऱ्याबरोबर, प्रीतमबरोबर, किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीला निघणार होती. तो रस्ता कॉलेजात असताना मैथिलीने आखला होता. मग ती कोलशेतच्या कारखान्यात प्रयोगशाळेला लागली, आणि नकाशा सान्वीने उचलला. तोही रीतसर विचारून. भांडायला जागाच ठेवली नाही, हेच जास्त झोंबायचं.

चीर अजून कुणाला दिसली नव्हती. आपण गप्प बसलो तर ही दोघं गुहागरपर्यंतही पोचायची नाहीत. हा विचार मैथिलीने क्षणभर जिभेवर घोळवला, गोड लागला. पण व्हॉल्व्ह तुटतो तो भर वेगात, हेही तिला ठाऊक होतं.

"काळुराम, रबराचे सगळे काढा," ती दुकानदाराला म्हणाली. "वर सेन्सर लावलेत ना हवा मोजायला, त्यांच्या वजनाने हलून हलून चिरलेत. धातूचे बसवा."

"मग हे घ्या ना!" शेजारी उभ्या सान्वीने पर्समधून चकचकीत निळे व्हॉल्व्ह काढले. "पडद्यांना मॅच!"

"अॅल्युमिनियमचे?"

"हलके आहेत ताई. आणि बघ ना, किती क्यूट!"

"सेन्सरचे आटे पितळेचे आहेत. खारी हवा लागली की दोन्ही एकमेकांना धरून बसतील. सेन्सर काढायला जाशील आणि व्हॉल्व्हच पिळून हातात येईल. साधे पितळी घे."

"अगं बाई! प्रीतम बोलला नाही ते काही."

"तो पडदे निवडत असेल."

काळुराम खो खो हसला आणि जॅक आणायला गेला. सान्वीही हसली.

"ताई, गणपतीपासून विचारतेय. येतेस का आमच्याबरोबर? सुट्टी नाही मिळाली म्हणू नकोस. तू अर्जच केला नाहीयेस."

मागच्या सीटवर पाहुणीसारखं बसायचं आणि आपलाच रस्ता दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायचा, तेवढंच मैथिलीला नको होतं.

काळुरामने पहिला पितळी व्हॉल्व्ह बसवून नट आवळला, हवा भरली. तिने थेंब टाकला, वाकवून पाहिलं. व्हॉल्व्ह हलला नाही. बुडबुडाही आला नाही.

"येते," मैथिली म्हणाली. "पण रत्नागिरीपासून पुढे गाडी मी चालवणार."