तिसऱ्या ओळीतला सूर

"मुलांनो, तिसऱ्या ओळीला सूर खाली न्यायचा नाही. वर न्यायचाय," आमचे हे पियानोवरून तिसऱ्यांदा म्हणाले. समोर शाळेचं गीत म्हणणारी, शाळेत उरलेली तीन मुलं. तासाभराने निरोपाचा समारंभ, मग शाळेला कायमचं कुलूप.

मुख्याध्यापिका मिसुमीबाई हळूच म्हणाल्या, "कुनिएदासर, गावात सगळे तसंच गातात. यांचे आईबापसुद्धा."

"म्हणून तर म्हणतो, बाई. एकदा तरी मी लिहिलंय तसं होऊ द्या."

एवढी अजिजी मी पन्नास वर्षांच्या संसारात ऐकली नव्हती. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

संगीतकार म्हणून यांचं मोठं नाव होणार होतं. टोकियोत यांची सिम्फनी वाजली, एकदाच. मग पोटासाठी डोंगरातल्या शाळांची गीतं केली, अकरा. गावांतली पोरं कमी होत गेली, तशा शाळा बंद पडल्या. दहा गेल्या, आज अकरावी. उद्यापासून यांचं काहीही, कुठेही, कोणीही गाणार नव्हतं. आठवडाभर यांना जेवण गोड लागत नव्हतं, आणि यांच्यामुळे मलाही.

सुतार इवाकी, इथलाच जुना विद्यार्थी, खुर्च्या मांडता मांडता म्हणाला, "सर, तुमचा तो सूर गाठायचा म्हणजे शिडी लागते हो." सगळे हसले. हे हसले नाहीत.

समारंभाला दीडशे माणसं होती. पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसरीला मुलं बिचारी वर जाऊ लागली, पण मागून अख्खा गाव नेहमीसारखा खाली उतरला. मुलं गोंधळली, मग तीही खाली आली. यांचे हात थांबले. लोक मात्र रडत रडत शेवटपर्यंत गात राहिले. पियानो थांबलाय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

बसथांब्यावर मी डब्यातले भाताचे गोळे काढले. "अहो, दोन घास खाऊन घ्या."

"तोमोए, माझं काहीच उरलं नाही गं."

"सगळे गात तर होते," मी म्हटलं.

यांनी पिशवीतून गीताची मूळ वही काढली, बेचाळीस वर्षांपूर्वीची, पेन्सिलीने लिहिलेली. माझ्याकडे खोडरबर मागितलं. तिसऱ्या ओळीतला तो सूर खोडला आणि गाव गातो तिथे, खाली, नवा लिहिला. मग शेवटी घातलेली जुनी तारीख खोडली आणि आजची घातली.