मालकाकडे एकटेच

“बाबा, तुम्ही मालकाकडे एकटेच गेला होतात?”

विचारलं एकदाचं! “दम असेल तर विचारून दाखव,” असं लुकडीने मला डिवचलं होतं. लुकडी माझी जिवलग मैत्रीण. तिचे बाबा कारखान्यात भट्टीवर आहेत. माझ्या बाबांना मालकाच्या बंगल्यातून बाहेर पडताना त्यांनीच पाहिलं. आणि हल्ली मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, स्वतःच्या तर नाहीच, असं मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगून बसले होते.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

आमच्या घरात हा प्रश्न साधा नाही. खासदार व्हायच्या आधी बाबा युनियनचे पुढारी होते. मालकासमोर कधी एकट्याने जायचं नाही, कायम दोघांनी जायचं, हा तिथला नियम. एकटा गेला तो विकला गेला! याच कारणावरून बाबांनी आपल्या जुन्या दोस्ताला युनियनमधून काढलं होतं.

“कोण म्हणालं?”

“आधी हो की नाही ते सांगा.”

“वकील लागून गेलीस का गं?” आई म्हणाली आणि एवढ्या उकाड्यात उठून तिने खिडकी लावली.

“गेलो होतो,” बाबा म्हणाले. “उद्या संसदेत मतदान आहे. नोटीस न देता कामगाराला काढता येईल, असा कायदा. मी उद्या आजारी पडणार आहे.”

“खोटं खोटं?”

“मालक फार गोड बोलला. म्हणाला, ‘काल शाळेमागच्या गल्लीत तुमच्या लेकीच्या सायकलची चेन पडली होती. आमच्या माणसाने बसवून दिली. पोरीला एकटी सोडत जाऊ नका.’”

चेनचं मी घरी सांगितलंच नव्हतं. किती सज्जन वाटला होता तो माणूस! हात काळे झाले तरी हसत होता. “रोज इथूनच जातेस का?” त्याने विचारलं, आणि मी शहाणी म्हणाले, “हो काका.”

बाहेर एक गाडी हळू झाली. गाडी गेली, तरी कुणी हललं नाही.

“पहाटेच्या गाडीने तू मावशीकडे जातेस,” आई म्हणाली. “शाळा गेली खड्ड्यात.”

कारखान्याच्या गेटवर लाठ्या खाल्लेला माझा बाप मान खाली घालून बसला होता. माझ्यापायी. आणि तिकडे लुकडीच्या घरी त्याला विकलेला म्हणत असतील.

“कुणाला माहीतच नाही, म्हणून तर मालक गोड बोलू शकतो!” माझा आवाज चिरकला. “मी मावशीकडे जाणार नाही. आत्ता लुकडीकडे जाणार आणि तिच्या बाबांना सगळं सांगणार, चेनसकट. सकाळी गेटवर सगळ्यांना कळू दे. मत कुठे द्यायचं ते तुम्ही ठरवा, बाबा. आई, रडू नकोस. मलाही जाम भीती वाटतेय, पण मी जाणार म्हणजे जाणार.”