चौतीस वर्षांचं उष्टं

बटणांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं मरायचं नावच घेत नव्हती, आणि मालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एकूण शेहेचाळीस जण, एकजात काटक. त्यांतला सगळ्यांत धाकटा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, म्हणून बैठकीच्या खुर्च्या मांडायचं काम अजून त्याच्याच गळ्यात होतं. मालकांच्या वडिलांनी भावनेच्या भरात सगळ्यांना तहहयात पेन्शन लिहून दिलं होतं. शेवटी मालकांनी एक संशोधक बाई गाठली. "ही माणसं इतकी का जगतात, ते शोधा," असं तिला मोठ्याने सांगितलं, आणि "काही इलाज असला तर तोही बघा," असं हळूच.

चार महिन्यांनी कँटीनच्या काकूंच्या घरी सत्काराचं आमंत्रण आलं.

काकू आता एक्क्याऐंशीच्या. चौतीस वर्षं त्यांनी एकटीच्या बळावर कँटीनचं स्वयंपाकघर रेटलं होतं. सोमवार ते शुक्रवार उकडलेला कोबी, मटारचं सूप आणि पाव. शनिवारी बदल म्हणून मटारचं सूप, पाव आणि उकडलेला कोबी. खिडकीतून ताट पुढे सरकवायचं, एवढाच त्यांचा खाणाऱ्याशी संबंध. उष्टी ताटं पलीकडच्या दाराने परस्पर घासायला जात. इतक्या वर्षांत कुणी नावं ठेवली नाहीत, पण कुणी कधी "छान झालंय" असंही म्हटलं नाही. ते एकदा तरी कानावर पडावं म्हणून काकूंचा जीव आतल्या आत तळमळत असे.

"म्हणजे माझ्या हाताला चव होती तर, वन्सं," आरशासमोर केस सारखे करत काकू म्हणाल्या.

"असेल हो," नणंद म्हणाली. दोघी एकाच घरात राहत, पण नणंदेचा भाऊ, म्हणजे काकूंचे यजमान, गेल्यापासून ती वहिनीशी मोजकंच बोले. यजमानही त्याच कारखान्यात साच्यांच्या खात्यात होते. एक्कावन्नाव्या वर्षी बसल्या जागी गेले. काकूंच्या स्वयंपाकाबद्दल विचारलं की ते "बरं होतं" म्हणत आणि वर्तमानपत्र उघडत.

सभागृह दुसऱ्या मजल्यावर होतं. म्हातारे दोन-दोन पायऱ्या एकदम चढत गेले आणि मालक मागून धापा टाकत आले. काकूंना व्यासपीठावर बसवलं, हातात मानपत्र दिलं. मग संशोधक बाईंनी पडद्यावर आलेख लावला.

"थोरले मालक फार संशयी होते," बाई म्हणाल्या. "अन्न वाया जातं का, हे बघायला त्यांनी दारात कारकून बसवला होता. प्रत्येकाच्या ताटाला नंबर. जेवण झालं की उष्टं तोलायचं आणि नोंदवायचं. चौतीस वर्षं, रोज! अशी वही जगात कुणाकडे नसेल." त्यांनी पडद्यावर काठी टेकवली. "रोज ताटातलं निम्म्याहून जास्त परत जात होतं."

काकूंना वाटलं, आलेख उलटा लागलाय.

"घरी जेवत असतील की," मालक म्हणाले.

"ते सूप दुपारी प्यायलं की रात्रीची भूकही मरायची," पहिल्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"आता उंदराचं बघा," बाई रंगात आल्या. "पोटभर दिलं की लवकर मरतो. थोडं कमी ठेवलं की जगत राहतो. का? तर असं मानतात, की दुष्काळात पिल्लं घातली तर पिल्लंही जातात आणि आईही. म्हणून शरीर पिल्लांचा बेत पुढे ढकलतं, आणि हाती लागेल ते स्वतःच्या डागडुजीला घालतं. दिवस पालटेपर्यंत तग धरायचा! ज्यांना हे जमलं त्यांचाच वंश पुढे चालला. या लोकांच्या शरीराला चौतीस वर्षं वाटत होतं, बाहेर भीषण दुष्काळ पडलाय. तो संपला हे त्यांना अजून कळलेलं नाही."

"कळवू नका!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आणि याचं सगळं श्रेय काकूंना!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. कुणीतरी काकूंच्या हातात माईक दिला. त्यांची कानशिलं तापली होती. मानपत्र फाडून बाईंच्या तोंडावर फेकावंसं वाटत होतं.

"मीठ कमी पडायचं का?" त्यांनी विचारलं.

"मिठाला बोल लावू नका, काकू," पहिल्या रांगेतला म्हातारा म्हणाला. "तेवढंच चांगलं असायचं."

"एकानेही? चौतीस वर्षांत एकानेही ताट संपवलं नाही?"

बाईंनी कागद चाळले. "एक आहे. आलेखात बसेना, म्हणून वगळला. नंबर एकशे बारा, साच्यांचं खातं. रोजचं उष्टं शून्य. कारकुनाचा शेरा आहे, 'शेजाऱ्याचंही संपवलं.' हा मात्र एक्कावन्नाव्या वर्षीच गेला. अर्थात, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

बाई सोडून सगळ्यांना एकशे बारा कोण ते ठाऊक होतं.

नणंद उभी राहिली. "कोबी?" ती म्हणाली. "वहिनी, त्याला कोबीचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. आईचा मार खायचा, पण कोबी खायचा नाही."

काकूंना आनंद झाला. इतका आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता, आणि त्याची त्यांना तिथल्या तिथे लाजही वाटली. शेहेचाळीस म्हातारे खाली माना घालून बसले होते. काकूंना त्यांच्यातलं कुणी दिसत नव्हतं. माईक हातात आहे हेही त्या विसरल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "टाकायचंत की हो थोडं. मी काय रागावले असते का?"