एकाच तोंडाचे दोन होकार

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनीही या, ही गोष्ट भिंतीला टेकून ऐकायची नाही. ऐकताना जीव टांगणीला लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. पण मध्येच उठू नका. देवानं माणसाचं मन नेमकं कुठे ठेवलंय, यावर शहाण्यांनी आयुष्यं घालवली. या गोष्टीत तो प्रश्न एका बाईसमोर येऊन पडला, दवाखान्याच्या बाकावर, कानाला फोन लावलेला असताना.

तिचा नवरा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. सगळे त्याला सर म्हणत, आपणही सरच म्हणू. आधुनिक तत्त्वज्ञानातलं मन आणि देहाचं भांडण हा सरांचा लाडका विषय. एक पक्ष म्हणतो, मन वेगळं, देह वेगळा. दुसरा म्हणतो, कसलं वेगळं? मेंदू चालतो त्यालाच मन म्हणायचं. सर पहिल्या पक्षातले. "देह ही खोली, आणि आपण तिच्यातले भाडेकरू," असं सांगायचे.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. ती म्हणायची, "अहो भाडेकरू, मोजे पलंगाखाली कोणी टाकले?"

"मोजे देहाचे. मी नुसता विचार करतो."

"मग आज ताटात विचारच वाढते."

त्यांचा संसार असा चालायचा, बाबांनो. दिवसभरात सरांनी चिडवलं नाही, तर ती त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायची.

आणि एके सकाळी वर्गात सरांना 'खडू' हा शब्द सापडेना. खडू हातात, नाव गायब. पोरं हसली. त्यांना वाटलं, सर उदाहरण देतायत. तपासण्या झाल्या तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात गाठ निघाली.

डॉक्टरांनी नीट समजावलं. "गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलीय. भूल देऊन कवटी उघडू, मग तुम्हाला जागं करू. मेंदूला दुखत नाही. एकेका जागेला विजेचा बारीक स्पर्श करायचा, की तेवढ्यापुरती ती जागा बंद पडते. तुम्ही बोलत राहायचं. अडखळलात, तर ती जागा सोडून द्यायची. नाही अडखळलात, तर कापायची."

"म्हणजे भाडेकरू आत बसलेला असताना तुम्ही भिंत पाडणार," सर म्हणाले. हसले खरे, पण टेबलाखाली त्यांनी बायकोचा हात धरून ठेवला होता.

ऑपरेशनच्या वेळी सरांशी बोलत राहणारी एक थेरपिस्ट होती. ती आधी येऊन चित्रं दाखवून गेली. किल्ली, छत्री, बदक. सरांनी तिचं नाव चित्रवाली ठेवलं. ती निघाली तशी बायको तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेली.

"बाई, चित्रं ते ओळखतील हो. पण बदकाला बदक म्हणणारा माणूस घरी आला आणि तो म्हणजे हे नसलेच, तर?"

चित्रवाली थांबली. "ते तेच आहेत, हे तुम्ही कशावरून ओळखता?"

"चिडवतात त्यावरून. त्यांना म्हणा, तुमच्या बायकोचं म्हणणं आहे की तुम्ही घोरता. गप्प बसायचेच नाहीत."

चित्रवालीनं ते लक्षात ठेवलं. सरांनीही डॉक्टरांना एक सांगून ठेवलं होतं. "मध्येच काही ठरवायची वेळ आली, तर हिला विचारा. त्या क्षणी मी कोण असेन, याची हमी मी देऊ शकत नाही."

ऑपरेशनच्या दिवशी बायको बाहेर बसली. समोरच्या दारावर एक दिवा होता. तो विझला की ती उठायची, लागला की पुन्हा बसायची. तोंडानं देवाचं नाव चाललं होतं, पण मन त्यात राहीना, पुन्हा पुन्हा दारापाशी जाऊन उभं राही.

आत सगळं सुरळीत होतं. किल्ली. छत्री. बदक. "तुम्ही घोरता म्हणे," चित्रवाली मध्येच म्हणे, आणि सर म्हणत, "तिला झोपेत ऐकू येतं, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे." डॉक्टर हळूहळू कापत गेले. शेवटचा एक तुकडा उरला. स्पर्श केला.

"हे काय?"

"छत्री."

"तुम्ही घोरता म्हणे."

"असेन."

चित्रवालीनं मान वर केली. "डॉक्टर, थांबा."

"अहो, छत्रीला छत्री म्हणाले ते!"

"म्हणाले. पण टोमणा त्यांना लागलाच नाही."

पुन्हा करून पाहिलं. स्पर्श झाला की तेच, "असेन." स्पर्श काढला की पुन्हा टोमण्याला टोमणा. तुकडा काढला, तर दुखणं बऱ्याच वर्षांसाठी लांब जाईल. ठेवला, तर ते लवकर परत यायचा धोका. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या बायकोला फोन लावून घेतला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं ऐकून घेतलं. बाकाची कड घट्ट धरली. तिला वर्षं हवी होती. कोणाला नको असतात? 'काढा' हा शब्द ओठांपर्यंत आलाही. पण ती म्हणाली, "मला त्यांच्याशी बोलू द्या. आधी तुमची वीज लावा."

स्पर्श झाला.

"अहो, मी बोलतेय. तो तुकडा काढू द्यायचा का?"

"काढून टाका," सर म्हणाले. आवाज स्पष्ट, शब्द नीट.

"आता वीज काढा." मग पुन्हा, "अहो, काय करू मी?"

"अगं, तू आहेस होय? नाक किती वाजतंय तुझं! डॉक्टरांना वाटायचं मशीन बिघडलं." मग म्हणाले, "काढून टाका म्हण. मी तुझ्यासोबत जास्त दिवस राहीन. चिडवलं नाही, तर तुझी सुटकाच."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "दोन्ही वेळा त्यांचं उत्तर एकच. मग प्रश्नच मिटला."

"नाही मिटला," बायको म्हणाली. "पहिला होकार कोणी दिला, मला माहीत नाही. त्याला मी कोण, याची फिकीर नव्हती. दुसरा यांनी दिला, माझ्यासाठी, स्वतःला मोडून. डॉक्टर, तुमच्या हत्याराखालचा तुकडा म्हणजेच माझ्यासाठी स्वतःला मोडायला तयार होणारा हा माणूस. तो काढलात, तर ज्यांच्याबरोबर वर्षं काढायची, तेच उरणार नाहीत. ठेवा तो."

"परत वाढला तर?"

"तर मी रडेन. ठेवा."

फोनमधून सरांचा आवाज आला, "ऐकलंत ना? घरीही माझं असंच चालतं." डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवलं.

सर घरी आले. टाके सुकले, केस उगवले. मन आणि देह वेगळे का एकच, असं कोणी विचारलं की म्हणतात, "मी पक्ष बदललाय. पण नव्या पक्षातही अजून जीव रमत नाही."

काळजी मात्र संपलेली नाही. ठरलेल्या दिवसांनी तपासणी होते, आणि निकाल हातात येईपर्यंत ती जेवायला बसत नाही. रोज सकाळी ती काहीतरी खोचक बोलते आणि वाट बघते. कधी सरांना उत्तर द्यायला उशीर होतो, पेपरात डोकं असतं म्हणून, दुसरं काही नाही. पण तेवढ्या वेळात ती ओट्याजवळ गॅस चालू ठेवून तशीच उभी असते.

बाबांनो, हात जोडून एक मागतो. घरी गेल्यावर तुमच्या माणसानं तुमच्या बोलण्यावर उलट काही सुनावलं, की रागावू नका. तेवढ्यात एकदा त्या बाईची आठवण काढा. ती आत्ताही उत्तराची वाट बघत उभी असेल.